सिम्युलेशनमध्ये स्थिर, प्रत्यक्षात डोलणारी टाकी

प्रश्न थोडक्यात असा: १० लिटर पाण्याची वरून उघडी टाकी, ढवळणी सतत चालू, २ किलोवॅटचा हीटर, आणि तापमान ६० अंशांवर धरायचं. मायक्रोकंट्रोलर दर सेकंदाला सेन्सर वाचतो, शेवटच्या १६ वाचनांची सरासरी घेतो आणि दर २० सेकंदांनी पीआय कंट्रोलरचं गणित करून (म्हणजे आत्ताची चूक आणि आजवर साठलेली चूक, दोन्ही पाहून) हीटरची पॉवर ठरवतो. सिम्युलेशनमध्ये गेन (एका अंशाच्या चुकीला किती वॅट द्यायचे तो आकडा) अंशाला १००० वॅट ठेवला तरी ओव्हरशूट येत नाही, म्हणजे तापमान ६० च्या वर उसळत नाही. प्रत्यक्षात मात्र तापमान अर्धा अंश वर, अर्धा अंश खाली असं साडेचार मिनिटांच्या आवर्तकालाने डोलत राहतं. मॉडेल कुठे चुकलं? असं मॉडेल कंटिन्युअस (अखंड) काळात करावं की डिस्क्रीट (ठरावीक क्षणांच्या नमुन्यांत तुटलेल्या)? आणि सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं?

तुमची समीकरणं बरोबर आहेत. अडचण अशी की तुम्ही केलेलं मॉडेल डोलूच शकत नाही. त्यात टाकी पहिल्या ऑर्डरची, म्हणजे उष्णतेचा एकच साठा असलेली आहे, विलंब शून्य आहे, आणि इंटिग्रल टाइम (साठलेल्या चुकीला किती जोर द्यायचा ते ठरवणारा वेळ) तुम्ही टाकीच्या टाइम कॉन्स्टंटइतकाच (बदलाचा ६३ टक्के भाग पुरा व्हायला लागणाऱ्या वेळेइतकाच) ठेवला आहे. असं केलं की कंट्रोलरचा झीरो टाकीच्या पोलला (दोन्ही त्यांच्या समीकरणांतले एकमेकांना रद्द करू शकणारे घटक) बरोबर खोडतो, लूपमध्ये, म्हणजे मोजणं-ठरवणं-तापवणं या चक्रात, फक्त एक इंटिग्रेटर (नुसती बेरीज साठवणारा भाग) उरतो, आणि एकट्या इंटिग्रेटरभोवती फीडबॅक लावला तर गेन दहा ठेवा की दहा लाख, उत्तर गुळगुळीतच येणार. म्हणजे सिम्युलेशनने तुम्हाला ‘स्थिर आहे’ असं सांगितलंच नाही. अस्थिर होण्याची सोयच त्यात नव्हती. जो बिघाड मॉडेलमध्ये घडूच शकत नाही, त्याबद्दल ते मॉडेल कितीही वेळा चालवलं तरी काही कळत नाही.

सुटलंय ते भौतिकशास्त्र नाही, वेळ सुटलाय. आणि त्यातला बराचसा वेळ कॉम्प्युटर खातोय.

आधी भौतिक बाजू उरकून घेऊ, कारण ती सोपी आहे आणि तुम्ही ती नीट केली आहे. १० किलो पाणी, किलोला सुमारे ४१८६ जूल प्रति अंश, म्हणजे टाकीची उष्णताधारकता ४१,८६० जूल प्रति अंश. थंड होण्याच्या आलेखावरून तुम्ही उष्णतेची गळती अंशाला १४ वॅट काढली आहे. भागाकार केला की टाइम कॉन्स्टंट २९९० सेकंद, म्हणजे जवळपास ५० मिनिटं. खोली २५ अंशांवर असेल तर ६० अंश धरून ठेवायला ३५ गुणिले १४, म्हणजे ४९० वॅट लागतात. समीकरण एका ओळीचं आहे: उष्णताधारकता गुणिले तापमानवाढीचा वेग, बरोबर हीटरची पॉवर वजा गळती. इतकी साधी टाकी असताना याहून जास्त भौतिकशास्त्र घालायची गरज नाही. काही जण इथे पाण्यातल्या प्रवाहांचं त्रिमितीय सिम्युलेशन करायला घेतात. ढवळणी चालू असलेल्या टाकीत त्यातून या प्रश्नापुरतं फारसं काही हाती लागत नाही.

आता विलंबांची बेरीज करू. हा हिशेब कागदावर दहा मिनिटांत होतो आणि बहुतेक वेळा इथेच निदान होतं.

हीटरला पॉवर दिल्यावर आधी त्याचं धातूचं आवरण तापतं, मग पाणी, मग ते पाणी ढवळून सेन्सरपर्यंत येतं. या आकाराच्या टाकीत यासाठी २० सेकंद धरू. सेन्सर थर्मोवेलमध्ये, म्हणजे पाण्यात बुडवलेल्या संरक्षक नळीत, बसवलेला आहे. त्याची स्वतःची सुस्ती १० सेकंदांची धरू. खरं तर ती सुस्ती टाइम कॉन्स्टंट आहे, शुद्ध विलंब नाही, पण तुमच्या मंद दोलनापुढे ती विलंबासारखीच वागते. इथवर ३० सेकंद. हे दोन्ही आकडे अंदाजाचे आहेत, ते मोजायचे कसे ते पुढे येतंच.

यापुढचं सगळं कोडमधलं, आणि ते अंदाजाने नाही तर नेमकं काढता येतं. १६ वाचनांची चालती सरासरी म्हणजे १५ भागिले २, साडेसात सेकंद जुनी बातमी. दर २० सेकंदांनी एकदा पॉवर ठरवून ती पुढचे २० सेकंद तशीच धरून ठेवली, तर ती सरासरीने अर्ध्या अवधीने शिळी असते, म्हणून आणखी १० सेकंद. आणि तुमच्या कोडचा क्रम मी दोनदा वाचला: फेरीच्या सुरुवातीला तुम्ही ‘मागच्या फेरीत काढलेलं आउटपुट’ हीटरला लिहिता, मग वाचन घेता, मग गणित करता. त्यामुळे आत्ता काढलेलं उत्तर हीटरपर्यंत पोचतं ते पुढच्या फेरीत, पूर्ण २० सेकंदांनी. साडेसात, दहा आणि वीस मिळून साडेसदतीस सेकंद.

एकूण साडेसदुसष्ट. त्यातला अर्ध्याहून जास्त विलंब पाण्यात नाही, धातूत नाही, तुम्ही लिहिलेल्या तीन ओळींत आहे.

हा आकडा खरा आहे का, हे तुमच्याच दोलनावरून पडताळता येतं. इंटिग्रेटरसारखी वागणारी लूप ९० अंशांचा फेज लॅग (लाटेचं मागे पडणं; पूर्ण चक्र ३६० अंशांचं) आधीच खाऊन बसलेली असते. उरलेले ९० विलंबाने खाल्ले की दुरुस्ती अर्धं चक्र उशिरा, म्हणजे उलटी पडते आणि लूप डोलायला लागते, आणि ९० अंश म्हणजे चक्राचा चौथा हिस्सा. म्हणून सीमेवर असताना दोलनाचा आवर्तकाल एकूण विलंबाच्या चौपट असतो. ६७.५ गुणिले ४ म्हणजे २७० सेकंद, बरोबर साडेचार मिनिटं. गेनची सीमाही याच हिशेबातून निघते: उष्णताधारकतेला १.५७ ने गुणा आणि विलंबाने भागा. उत्तर अंशाला साधारण ९७५ वॅट येतं. तुम्ही ठेवलाय १०००, म्हणजे सीमा जेमतेम ओलांडलेली आहे. दोलन वाढत जाऊन कुठेतरी थांबतं ते हीटर शून्याखाली जाऊ शकत नाही म्हणून. ४९० वॅटच्या बैठकीवरून शून्याला टेकायला १००० च्या गेनवर ०.४९ अंशाची चूक पुरते. तुम्हाला दिसणारा अर्धा अंश आला तो इथून.

चौपटीचा हा आडाखा फार कामाचा आहे, पण त्याला एक अट आहे. हीटर सीमांवर आपटत असेल, म्हणजे पूर्ण चालू आणि पूर्ण बंद असाच फिरत असेल, तर आवर्तकाल लांबतो आणि चौपट राहत नाही. तुमचा हीटर तापवू शकतो, थंड करू शकत नाही. ६० अंशांजवळ पूर्ण जोरात तापमान मिनिटाला सव्वादोन अंशांच्या आसपास वर जातं, पण हीटर बंद करून खाली येताना मिनिटाला ०.७ अंशच उतरतं. आलेखाची चढती बाजू उभी आणि उतरती बाजू लोळती दिसली, तर ओळखा की सॅच्युरेशन, म्हणजे हीटरचं सीमेला टेकणं, आड आलंय. अशा वेळी गेन हळूहळू कमी करत दोलन जेमतेम टिकेल तिथे आणावं आणि मग आवर्तकाल मोजावा. लूप मुद्दाम सीमेवर नेऊन गेन आणि आवर्तकाल वाचायची ही युक्ती झीग्लर आणि निकोल्स या इंजिनिअरांनी १९४२ मध्ये मांडली. त्यांनी दिलेल्या सेटिंग्ज आजच्या मानाने जरा आक्रमक वाटतात, पण मोजायची पद्धत अजून तितकीच उपयोगी आहे.

आता ते ३० सेकंद मोजायचे कसे. टाइम कॉन्स्टंट ५० मिनिटांचा आहे म्हणून ६३ टक्क्यांपर्यंत थांबायची गरज नाही. तेवढ्या वेळात खोलीचं तापमान बदलतं, पाणी वाफ होऊन उडतं आणि आकडे बिघडतात. कंट्रोलर मॅन्युअलवर टाका, ४९० वॅटवर तापमान स्थिर होऊ द्या, मग एकदम ५०० वॅट वाढवा आणि पाच-सहा मिनिटं नोंद घ्या. पाच मिनिटांत तापमान सुमारे साडेतीन अंश वर जाईल. सुरुवातीचा वाकडा भाग सोडून पुढची सरळ रेष पट्टीने मागे ओढा. जुन्या तापमानाच्या आडव्या रेषेला ती जिथे कापते, तिथपर्यंतचा वेळ म्हणजे एकूण विलंब. रेषेचा चढ सेकंदाला ०.०१२ अंश यायला हवा, आणि ५०० भागिले तो चढ म्हणजे उष्णताधारकता. ती ४२ हजारांच्या आसपास आली नाही तर पाणी १० लिटर नाही, किंवा हीटर सांगतो तेवढे वॅट देत नाही. दुसरं कारण जास्त वेळा निघतं, कारण पुरवठ्याचं व्होल्टेज बदललं की पॉवर त्याच्या वर्गाप्रमाणे बदलते.

ही चाचणी दोनदा करा. एकदा पायरी कोडमधून द्या आणि कोडनेच नोंदवलेलं, सरासरी घेतलेलं तापमान वाचा. दुसऱ्यांदा पॉवर हाताने बदला आणि सेन्सरचं कच्चं वाचन घ्या. दोन विलंबांतला फरक म्हणजे कॉम्प्युटरचा वाटा. पहिल्या पद्धतीत पायरी फेरीच्या नेमक्या कोणत्या क्षणी पडली यावर काही सेकंद इकडेतिकडे होतील, तेवढं चालतं.

दुरुस्ती अर्थातच कोडपासून सुरू करा. गणित दर सेकंदाला करा, क्रम ‘वाचा, काढा, लगेच लिहा’ असा ठेवा, १६ सेकंदांची सरासरी काढून टाका. एकूण विलंब ३१ सेकंदांच्या आत येईल आणि सीमेचा गेन २१०० च्या वर जाईल. सीमेवर बसायचं नसतं, त्यामुळे सेटिंगसाठी मी कंट्रोलचे अभ्यासक स्कोगेस्टाड यांचे २००३ चे नियम वापरतो. ते या जातीच्या प्रक्रियांना चपखल बसतात: गेन म्हणजे उष्णताधारकता भागिले विलंबाची दुप्पट, इंटिग्रल टाइम म्हणजे विलंबाची आठपट. तुमच्यासाठी अंशाला ६७५ वॅट आणि सुमारे २५० सेकंद. जुन्या कोडवर हाच नियम लावला असता तर गेन जेमतेम ३१० बसला असता. हीटर तोच, टाकी तीच, आणि लूप दुपटीहून ताकदवान.

इंटिग्रल टाइम ५० मिनिटांवरून चार मिनिटांवर आणायला बिचकू नका. पोल खोडण्याची युक्ती सेटपॉइंट (धरायचं ठरवलेलं तापमान) बदलताना छान दिसते, पण कोणी टाकीत गार पाणी ओतलं तर त्या धक्क्यातून सावरायला तेच ५० मिनिटांचं शेपूट मागे राहतं. सिम्युलेशनमध्ये सगळे सेटपॉइंटची पायरी देऊन बघतात. प्रत्यक्षात सेटपॉइंट दिवसाकाठी एकदा बदलतो आणि गार पाणी दहा वेळा पडतं. मॉडेलला तोच धक्का द्या जो यंत्रणेला बसणार आहे.

तुमचा दुसरा प्रश्न: कंटिन्युअस की डिस्क्रीट? दोन्ही, आणि शिवण नेमकी कुठे आहे ते माहीत असायला हवं. टाकी कंटिन्युअस, कोड डिस्क्रीट. हिशेबासाठी दोन्ही एकाच भाषेत आणायचे दोन मार्ग आहेत. एक मी वर वापरला: कॉम्प्युटरला विलंबात बदलून सगळं कंटिन्युअस धरायचं. सॅम्पलिंग लूपच्या मानाने बरंच वेगवान असेल तर हे पुरतं. दुसरा मार्ग टाकीला नमुन्यांच्या भाषेत आणण्याचा: पुढचं तापमान बरोबर ‘अ’ गुणिले आत्ताचं तापमान अधिक ‘ब’ गुणिले पॉवर (दोन्ही तापमानं खोलीच्या वर किती, अशी मोजून). पॉवर दोन नमुन्यांच्या मध्ये स्थिर धरलेली असते, म्हणून हे रूपांतर तंतोतंत होतं, त्यात अंदाज नसतो. ‘अ’ म्हणजे ई (२.७१८) या आकड्याचा घात, घातांक उणे (अवधी भागिले टाइम कॉन्स्टंट). २० सेकंदांसाठी ०.९९३३.

या भाषेत एक गोष्ट डोळ्यांत भरते. इतर सगळे विलंब शून्य धरले तरी, निव्वळ नमुने घेतल्यामुळे पहिल्या ऑर्डरच्या टाकीलाही गेनची सीमा येते: उष्णताधारकतेची दुप्पट भागिले अवधी, म्हणजे २० सेकंदांसाठी ४१८६. आणि आउटपुट एक फेरी उशिरा लिहिलं की ती सीमा बरोबर निम्मी, २०९३. कोडमधली एक ओळ वर-खाली झाल्याची ही किंमत. म्हणून मी कोणाचीही लूप तपासताना गेनच्या आधी वाचन, गणित आणि लेखन कोणत्या क्रमाने होतं ते पाहतो.

सॅम्पलिंगचा वेग ठरवताना दोनच आडाखे लक्षात ठेवा. बंद लूपच्या चढण्याच्या काळात ४ ते १० नमुने पडावेत, आणि नमुन्याचा अर्धा अवधी एकूण विलंबात नगण्य असावा. याहून वेगाने घेऊन फायदा घटत जातो आणि नवी दुखणी सुरू होतात. तुमच्या टाकीसाठी एक सेकंद भरपूर आहे.

सरासरी काढून टाका म्हटलं, तर वाचनात दिसणारी खरखर वाढेल. इथे तुमच्या नोंदींतली एक गोष्ट मला खटकली. हीटर बंद असतानाही तापमानाच्या आलेखावर ५० सेकंदांच्या आसपासची बारीक लाट दिसते. पाणी असं वागत नाही. ती विजेच्या पुरवठ्यातली गुणगुण असण्याची शक्यता फार आहे. पुरवठ्याची वारंवारता ५०.०२ हर्ट्झ असेल आणि तुम्ही सेकंदाला एक नमुना घेत असाल, तर प्रत्येक नमुना आधीच्यापेक्षा लाटेवर जरासा पुढे पडतो, आणि नोंदीत ०.०२ हर्ट्झची, म्हणजे ५० सेकंदांची लाट उमटते. हेच एलियासिंग. नमुना घेतल्यानंतर ते फिल्टरने काढता येत नाही, कारण त्या क्षणापासून ती लाट खऱ्या तापमानासारखीच दिसते. तुमच्या १६ नमुन्यांच्या सरासरीतूनही तिचा ८० टक्क्यांहून जास्त भाग पार होतो. विलंब मात्र साडेसात सेकंदांचा लागतो. उपाय नमुन्याच्या आधी करायचा: एडीसीच्या (सेन्सरचा सिग्नल आकड्यांत बदलणाऱ्या भागाच्या) तोंडाशी रेझिस्टर-कपॅसिटरचा फिल्टर, किंवा दर सेकंदाला एका वाचनाऐवजी एक मिलिसेकंदाच्या अंतराने २० वाचनं घेऊन त्यांची सरासरी. २० मिलिसेकंद म्हणजे ५० हर्ट्झचं पूर्ण एक चक्र, त्यात गुणगुण स्वतःला खोडते, आणि विलंब सेकंदाच्या शंभराव्या भागाइतका. ६० हर्ट्झचा पुरवठा असेल तर चक्र १६.७ मिलिसेकंदांचं धरा.

डेरिव्हेटिव्ह, म्हणजे तापमान किती वेगाने बदलतंय त्यावर चालणारा भाग, घालू का, असं तुम्ही जाता जाता विचारलंय. या हार्डवेअरवर नको. तुमचा एडीसी १० बिटचा, ० ते १०० अंशांवर पसरलेला, म्हणजे एक पायरी ०.०९८ अंशांची. एका सेकंदात एका पायरीची उडी पडली तर डेरिव्हेटिव्हला वाटणार की पाणी सेकंदाला ०.०९८ अंशांनी तापतंय. २ किलोवॅटचा हीटर पूर्ण जोरात आणि गळती शून्य धरली तरी १० लिटर पाणी सेकंदाला ०.०४८ अंशांहून वेगाने तापू शकत नाही. म्हणजे निव्वळ आकड्यांच्या पायऱ्यांमुळे कंट्रोलरला अशक्य गोष्टी दिसतील आणि तो त्यांवर पॉवर हेलकावत बसेल.

आकड्यांचा विषय निघालाय तर इंटिग्रलही (साठलेल्या चुकीची बेरीज) तपासा. पूर्णांकांत गणित करत असाल, तर ‘चूक गुणिले अवधी भागिले इंटिग्रल टाइम’ हे छोट्या चुकीसाठी एकाहून लहान येतं, पूर्णांकात त्याचं शून्य होतं आणि इंटिग्रल थिजतं. तापमान सेटपॉइंटच्या जरा खाली कायमचं अडकून बसलं, की हे पहिलं तपासायचं. मिलिसेकंदांचा हिशेब सिंगल प्रिसिजन फ्लोटमध्ये (३२ बिटांत साठवलेल्या दशांश आकड्यात) ठेवला असेल, तर १,६७,७७,२१६ नंतर त्यात एक मिळवला तरी आकडा हलत नाही, म्हणजे ४ तास ४० मिनिटांच्या आसपास घड्याळ बंद. ३२ बिटचा मिलिसेकंद काउंटर ४९.७ दिवसांनी शून्यावर येतो. दोन क्षणांची वजाबाकी अनसाइन्ड (ऋण आकडे नसलेल्या प्रकारात) ठेवली तर तो प्रसंग निभावतो, पण ‘आत्ताची वेळ ठरलेल्या वेळेपेक्षा मोठी आहे का’ अशी तुलना केली असेल तर नाही. या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी जीवघेण्या ठरल्याचं उदाहरण आहे. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातल्या धाहरान इथे अमेरिकेच्या पॅट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणेला येणारं इराकी स्कड क्षेपणास्त्र अडवता आलं नाही आणि २८ सैनिक मारले गेले. घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागांत मोजलं जात होतं, ०.१ बायनरीत नेमका मावत नाही, आणि २४ बिटांच्या रजिस्टरमध्ये तो छाटला गेला होता. यंत्रणा १०० तास सलग चालू राहिल्यावर चूक सेकंदाच्या एक-तृतीयांशावर गेली होती. चाचणी काही तासांची आणि वापर शंभर तासांचा असेल तर अशी चूक चाचणीत सापडत नाही. ती कागदावर हिशेब करूनच सापडते.

‘दर सेकंदाला’ असं कोडमध्ये लिहिलंय म्हणून ते दर सेकंदाला होतंच असंही नाही. वेळ मोजा. फेरीच्या सुरुवातीला एक पिन वर करा, शेवटी खाली करा, आणि ऑसिलोस्कोपवर पाहा. मंद टाकीत फरक पडणार नाही, पण उद्या तुम्ही १० मिलिसेकंदांची मोटरची लूप लिहाल तेव्हा पडेल. सिरियल पोर्टवर ९६०० बॉडला (सेकंदाला ९६०० बिट) एक अक्षर पाठवायला दहा बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं. डीबगिंगसाठी ६० अक्षरांची एक ओळ छापली की ६२ मिलिसेकंद गेले. छपाई संपेपर्यंत कोड थांबत असेल, तर १० मिलिसेकंदांची लूप प्रत्यक्षात ७० ची झाली. ओळ काढली की दोलन जातं, घातली की येतं, आणि माणूस सेन्सरच्या वायरी हलवत बसतो.

मॅन्युअलवरून ऑटोवर जाताना आणि हीटर २ किलोवॅटच्या छताला टेकलेला असताना इंटिग्रल फुगत जाणार नाही याची सोय करा. आउटपुट सीमेला लागलं की इंटिग्रल त्याच दिशेने वाढवू नका, एवढं या टाकीला पुरतं. गार पाण्यापासून ६० पर्यंत चढताना पहिला ओव्हरशूट बहुतेक याचाच असतो.

आता ज्या भागावर तुम्ही एकही ओळ लिहिली नाही, पण मला सगळ्यात जास्त काळजी वाटते तो. तुमच्या यंत्रणेला अवस्था आहेत: भरणं, तापवणं, धरून ठेवणं, पाणी कमी, सेन्सर तुटलेला, मॅन्युअल. सध्या त्या कोडमध्ये ‘जर-तर’च्या जंगलात लपलेल्या आहेत. प्रत्येक अवस्थेत भौतिकशास्त्र निराळं असतं. पाणी अर्ध्यावर आलं की उष्णताधारकता निम्मी होते आणि गेनची सीमाही निम्मी, त्यामुळे गेन सगळ्यात कमी चालू पातळीसाठी ठरवायचा. पाणी हीटरच्या खाली गेलं की समीकरणच बदलतं. सेन्सरची वायर तुटली की काही सर्किटांत वाचन शून्य अंश येतं, आणि कंट्रोलर इमानेइतबारे २ किलोवॅट सोडत राहतो.

अवस्था कागदावर गोल काढून मांडा. प्रत्येक बाणावर तीन गोष्टी लिहा: कशामुळे जायचं, किती वेळात जायचं, आणि जाताना कोणत्या जुन्या खुणा पुसायच्या. तिसरी गोष्ट लोक हमखास विसरतात. ३ डिसेंबर १९९९ रोजी नासाचा मार्स पोलर लँडर मंगळावर उतरताना नाहीसा झाला. चौकशीत सर्वाधिक संभाव्य ठरलेलं कारण असं: पाय उघडताना बसलेल्या झटक्याने ‘जमीन लागली’ असा खोटा सिग्नल आला, सॉफ्टवेअरने तो लक्षात ठेवला, आणि सुमारे ४० मीटर उंचीवर जमिनीची चौकशी सुरू होताच ती जुनी खूण खरी धरून इंजिनं बंद केली. प्रत्येक भाग स्वतंत्रपणे ठीक होता. एका अवस्थेतली खूण दुसऱ्या अवस्थेत शिरली. असा दोष ट्रान्सफर फंक्शनमध्ये (इनपुटवरून आउटपुट सांगणाऱ्या सूत्रात) दिसत नाही आणि निव्वळ कोड वाचूनही सहजी दिसत नाही. तो भौतिक घटना आणि तर्क एकाच चित्रात मांडले तरच दिसतो.

तुमच्या टाकीसाठी असा एक नियम लिहून ठेवा: ‘पातळीचा सेन्सर खाली गेल्यापासून २ सेकंदांत हीटर बंद, अवस्था कोणतीही असो’. मग प्रत्येक अवस्थेतून तो खरा ठरतो का ते तपासा. सहा अवस्था हाताने तपासता येतात. अवस्था आणि टायमर वाढले की उप्पालसारखं साधन सगळ्या शक्यता स्वतः धुंडाळतं. ते टाइम्ड ऑटोमेटावर, म्हणजे घड्याळं जोडलेल्या अवस्थांच्या चित्रांवर, चालतं, आणि नियम मोडणारा मार्ग सापडला तर पायरीपायरीने दाखवतं. तापमानाचं समीकरण मात्र त्यात तसंच्या तसं टाकता येत नाही. ‘तापायला किमान इतका, कमाल इतका वेळ’ अशा सीमांत ते उतरवावं लागतं. समीकरणं आणि अवस्था दोन्ही पूर्णपणे ठेवून प्रत्येक प्रश्नाचं हमखास उत्तर देईल अशी रीत सर्वसाधारणपणे असूच शकत नाही, हे गणिताने सिद्ध झालेलं आहे. त्यामुळे कुठे काय ढोबळ करायचं हा निर्णय तुमच्याच गळ्यात राहतो. आणि पाण्याविना हीटर चालण्याचा धोका असेल तर स्वतंत्र थर्मल कटआउट (जास्त तापलं की वीज तोडणारा स्विच) लावाच. तो मॉडेलमध्ये नको, हार्डवेअरमध्ये हवा.

मॉडेल पुरेसं झालं हे कसं ओळखायचं? ज्या नोंदीवरून आकडे काढले त्याच नोंदीवर मॉडेल जुळतं हे सांगू नका, ते जुळणारच. गार पाण्याचा एक लिटर ओतून वेगळी नोंद घ्या आणि मॉडेलला आधी भाकीत करू द्या. किती अंश पडेल, किती मिनिटांत सावरेल, हे लिहून ठेवून मग ओता. फरक दहा टक्क्यांच्या आत असेल तर या कामापुरतं झालं. उलट, जुन्या सेटिंगवर मॉडेलने साडेचार मिनिटांचं दोलन दाखवायलाच हवं. बिघाड जसाच्या तसा उभा करता येत नसेल, तर दुरुस्ती चालेल हे कशाच्या जोरावर म्हणायचं?

सॉफ्टवेअरचं म्हणाल, तर या आकाराच्या कामाला पायथन पुरेसं आहे, किंवा स्कायलॅब आणि त्यातलं एक्सकॉस. सिम्युलिंक हाताशी असेल तर चित्र लवकर उभं राहतं. पंप, व्हॉल्व्ह, पाइप, हीट एक्स्चेंजर असं खूप काही एकमेकांना जोडायचं असेल तर मॉडेलिका पाहा, कारण तिथे समीकरणं तशीच लिहिता येतात, कोणतं इनपुट आणि कोणतं आउटपुट हे आधी ठरवावं लागत नाही. साधन कोणतंही घ्या, दोन गोष्टी सांभाळा. एक, ‘पातळी खाली गेली’ अशा घटनेचा नेमका क्षण सॉल्व्हरला (साधनातल्या समीकरणं सोडवणाऱ्या भागाला) शोधू द्या, त्याची झीरो क्रॉसिंगची सोय बंद करू नका. नाहीतर घटना दोन पायऱ्यांच्या मध्ये हरवते. दोन, कंट्रोलर सिम्युलेशनसाठी पुन्हा लिहू नका. मायक्रोकंट्रोलरवर जाणारं तेच सी फंक्शन, त्याच फेरीच्या क्रमाने, त्याच पूर्णांकांनिशी मॉडेलला जोडा. तुमच्या सिम्युलेशनमधला कंट्रोलर लगेच आउटपुट देत होता आणि कोडमधला २० सेकंदांनी. एकच फंक्शन दोन्हीकडे असतं तर हा फरक पहिल्याच रनमध्ये आलेखावर आला असता.

बदल करताना सगळे एकदम करू नका. आधी फक्त लेखनाचा क्रम बदला आणि गेन १००० च राहू द्या. विलंब साडेसत्तेचाळीसवर येईल, सीमा १३८० च्या पुढे जाईल, दोलन हळूहळू विरायला लागेल, आणि विरतानाचा आवर्तकाल साडेचारऐवजी साडेतीन मिनिटांच्या आसपास दिसेल. तसं झालं तर विलंबाचा हिशेब बरोबर आहे असं धरून सरासरी आणि अवधीकडे वळा. नाही झालं तर ते ३० सेकंद आधी मोजून घ्या.